महापालिकेच्या बजेटमध्ये आधी कोणाचं काम होतं?

‘आपल्या भागातल्या पुलासाठी बजेटमध्ये तरतूद’ अशी पोस्ट दरवर्षी मार्चच्या आसपास फिरते. पूल मात्र बरेचदा पुढच्या बजेटमध्येही तसाच कागदावर असतो. महापालिका कामांचा क्रम कसा लावते, हे पाहिलं की याचं कारण कळतं.

पुण्याचं उदाहरण घेऊ. पुणे महापालिकेचं २०२५-२६चं बजेट सुमारे १२,६१८ कोटी रुपयांचं होतं. आकडा मोठा दिसतो, पण त्यातून आधी पगार, पेन्शन, वीजबिल, पाणीपुरवठा, कचरा उचलणं असे रोजचे खर्च निघतात. याला महसुली खर्च म्हणतात. रस्ते, पूल, जलवाहिन्या, दवाखान्याच्या इमारती हा भांडवली खर्च, आणि खरी ओढाताण त्यासाठी उरलेल्या पैशांवर होते.

त्यातही नव्या कामाचा नंबर शेवटी लागतो. आधी येतं दायित्व, म्हणजे गेल्या वर्षांत सुरू झालेल्या कामांची ठेकेदारांना द्यायची बिलं. एका वर्षात न संपणाऱ्या कामांना महापालिका कायद्याच्या कलम ७२ (ब) खाली मंजुरी घेतली जाते. तसं झालं की पुढच्या वर्षांचे पैसे आजच बांधले जातात.

मग केंद्र किंवा राज्याच्या योजनांमधला महापालिकेचा हिस्सा. ‘जायका’च्या मदतीने होणाऱ्या मुळा-मुठा नदी शुद्धीकरण प्रकल्पाला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा ९९० कोटींपैकी ८५ टक्के वाटा केंद्राचा ठरला होता. आपला १५ टक्के हिस्सा टाळून ८५ टक्क्यांवर पाणी सोडायला कोणतीच महापालिका तयार होत नाही. अशा कामाला आपोआप प्राधान्य मिळतं, मग लोकांची पहिली मागणी ती असो वा नसो.

पैसे असले तरी जागा लागते. कात्रज-कोंढवा रस्त्याचं काम २०१८ मध्ये सुरू झालं. रस्ता ८४ मीटर रुंद होणार होता. जागामालकांना टीडीआरऐवजी रोख मोबदला हवा होता आणि तेवढी रक्कम महापालिकेकडे नव्हती. अखेर रुंदी ५० मीटरवर आणावी लागली आणि भूसंपादनासाठी राज्य सरकारकडे हात पसरावे लागले. जागा ताब्यात नसताना निविदा काढण्याची घाई शहराला किती महाग पडते, हे या साडेतीन किलोमीटरच्या रस्त्याने दाखवून दिलं.

आता राजकारण. आयुक्त बजेटचा मसुदा मांडतात, स्थायी समिती त्यात भर घालते, मुख्य सभा मंजुरी देते. २०२१-२२ साठी आयुक्तांचा मसुदा ७,६५० कोटींचा होता. स्थायी समितीने तो ८,३७० कोटींवर नेला. वाढलेले ७२० कोटी कुठून येणार, हा प्रश्न अशा वेळी सहसा मागे पडतो. अपेक्षित उत्पन्न आलं नाही की कात्री लागते ती निविदा न निघालेल्या कामांना.

नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली कामं पुण्यात ‘स’ यादी म्हणून ओळखली जातात. वर्ष सुरू झाल्यावर एका कामाचे पैसे दुसऱ्याकडे वळवण्यालाही नाव आहे : वर्गीकरण. बजेटच्या दिवशी गाजलेली तरतूद सहा महिन्यांनी वर्गीकरणात निघून गेली, तर त्याची पोस्ट कोणी टाकत नाही!

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. त्यानंतरची काही बजेटं मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होता.

नागरिकांसाठी थेट वाट छोटी आहे. पुण्यात २००६ पासून लोक बजेटसाठी कामं सुचवू शकतात. पदपथ, दिवे, बसथांबा अशा लहान कामांचा अर्ज बजेटच्या काही महिने आधी क्षेत्रीय कार्यालयात द्यावा लागतो.

मोठ्या कामाच्या तरतुदीची पोस्ट दिसली, तर तीन गोष्टी विचारता येतात. जागा ताब्यात आहे का? पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा तपशीलवार अंदाज, मंजूर आहे का? आणि एकूण खर्चाच्या तुलनेत यंदाची रक्कम किती? पन्नास कोटींच्या पुलासमोर दहा लाख लिहिले असतील, तर ती टोकन तरतूद. त्या पैशांत फार तर सल्लागार नेमला जाईल.