रिकाम्या रात्रीचा भार : माथेरानच्या बंगल्यांपासून टाइमशेअरच्या पॉइंटपर्यंत

१/
मे महिना जवळ आला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो : 'आमच्या मेंबरशिपच्या पाच रात्री शिल्लक आहेत. निम्म्या दरात देणे आहे.' त्याच रिसॉर्टची खोली थेट बुक केली, तर दर दुप्पट. मग लोक थेट बुकिंग करतातच का? या प्रश्नामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. #थ्रेड

२/
सुरुवात एका साध्या व्यापारी सत्यापासून करावी लागते. उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी स्वस्तात तरी विकता येते. आज रिकामी राहिलेली खोली उद्या कोणत्याही भावाने विकता येत नाही. ती रात्र कायमची गेली. त्यामुळे सुट्टीतील निवासाच्या प्रत्येक व्यवस्थेला एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : रिकाम्या रात्रीचे नुकसान कोणी सोसायचे?

३/
पहिले उत्तर माथेरानचे. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर पोहोचला. माथेरान तेव्हा ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. १८५३ मध्ये रेल्वे ठाण्यापर्यंत आली, १८५४ मध्ये कल्याणपर्यंत, आणि १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी थेट माथेरानवर चढू लागली. मुंबईचे इंग्रज अधिकारी आणि धनिक पारशी, बोहरा कुटुंबे यांचे बंगले तेथे उभे राहिले. मोसमात वर्दळ; पावसाळ्यात मात्र सगळे ओस. त्या ओस महिन्यांचा, माळ्याच्या पगाराचा आणि गळक्या छपराचा खर्च बंगल्याच्या मालकाचा.

४/
कल्याण-डोंबिवलीहून लोकलने मुंबई गाठणाऱ्या कारकुनाला असा बंगला परवडणे शक्यच नव्हते. त्याच्यासाठी स्वातंत्र्यानंतर 'हॉलिडे होम' आले. १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. रेल्वे, बँका, विमा आणि सरकारी कार्यालये यांतील कर्मचाऱ्यांना लोणावळा-महाबळेश्वरसारख्या ठिकाणी नाममात्र दरात खोल्या मिळू लागल्या. एलटीसीमुळे प्रवासाचाही भार हलका झाला. येथे रिकामी रात्र संस्थेच्या खात्यावर पडे. अडचण इतकीच की मे महिन्यात अर्ज अनेक आणि खोल्या मोजक्या असत.

५/
युरोपात याच सुमारास तिसरे उत्तर तयार होत होते. १९६३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या हापिमाग या कंपनीने आपल्या भागधारकांना कंपनीच्या सुट्टीतील घरांत राहण्याचा हक्क दिला. १९७४ मध्ये अमेरिकेत आरसीआय ही अदलाबदल करणारी संस्था निघाली : एका गावातील आपला आठवडा द्यावा आणि दुसऱ्या गावातील घ्यावा. हाच टाइमशेअर. ग्राहक अनेक वर्षांचे पैसे आधीच भरतो. खोली वापरली नाही, तरी ते पैसे परत येत नाहीत. रिकाम्या रात्रीचा भार प्रथमच पाहुण्याच्या खांद्यावर आला.

६/
भारतात स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्स १९८६ मध्ये, तर महिंद्रा हॉलिडेज १९९६ मध्ये सुरू झाली. क्लब महिंद्राचे २५ वर्षांचे सदस्यत्व आणि रंगांवरून ओळखले जाणारे हंगाम मध्यमवर्गाच्या परिचयाचे झाले. १९९१ नंतरच्या खासगी नोकरीत पगार वाढला होता, पण हॉलिडे होम नव्हते. ती पोकळी या योजनांनी भरली.

७/
विक्रीची भाषाही ओळखीची होती. भाड्याच्या खोलीतून ओनरशिपच्या ब्लॉकमध्ये आलेल्या पिढीला 'भाडे म्हणजे वाया गेलेला पैसा' हे वेगळे पटवावे लागत नव्हते. मात्र ब्लॉक आणि सदस्यत्व यांत मोठा फरक आहे. ब्लॉक विकला तर बहुधा अधिक किंमत येते. सदस्यत्वाची मुदत दरवर्षी घटते आणि वार्षिक शुल्क बहुधा वाढतच जाते.

८/
आता एक काल्पनिक हिशेब. सदस्यत्व ४ लाख रुपयांचे, मुदत २५ वर्षे, वर्षाला ७ रात्री, वार्षिक शुल्क १५,००० रुपये. ७ टक्के व्याज धरले, तर ४ लाखांचा वार्षिक भार सुमारे ३४,३०० रुपये होतो. शुल्क मिळवून ४९,३००. सातही रात्री वापरल्या तर एका रात्रीला सुमारे ७,००० रुपये पडतात. चारच वापरल्या तर १२,३००. मुलांच्या दहावी-बारावीची वर्षे, आजारपण, न मिळालेली रजा हे सारे या दुसऱ्या आकड्यात दडलेले असते.

९/
शिल्लक रात्री स्वस्त का मिळतात, याचे उत्तर येथेच आहे. सदस्याने भरलेले ४ लाख आता परत येणार नाहीत. रात्र वाया जाण्यापेक्षा वार्षिक शुल्काचे, म्हणजे रात्रीमागे सुमारे २,१०० रुपये, सुटले तरी त्याला पुरे. तेव्हा ७,००० रुपयांची खोली तो ३,५०० रुपयांना आनंदाने देतो. भाड्याने घेणाऱ्याला मिळणारी सूट सदस्याच्या तोट्यातून आलेली असते.

१०/
पॉइंट-पद्धतीने हा व्यवहार अधिक सुलभ केला. डिस्नेने १९९१ मध्ये अमेरिकेत आपला व्हेकेशन क्लब सुरू केला, तो ठरावीक आठवड्याऐवजी पॉइंटवर; सुरुवातीच्या करारांची मुदत २०४२ पर्यंत. पॉइंटचे तुकडे पाडता येतात, पुढच्या वर्षी नेता येतात, इतरांसाठी वापरता येतात. त्यामुळे थीम पार्कलगतच्या रिसॉर्टसाठी सदस्यांचे पॉइंट भाड्याने घेण्याचा स्वतंत्र बाजार उभा राहिला.

११/
परंतु सुटीबरोबर जोखीमही हातात येते. बुकिंग सदस्याच्या खात्यातून होते. रिसॉर्टच्या लेखी ग्राहक तोच. त्याने वार्षिक शुल्क थकवले, बुकिंग रद्द केले किंवा पाहुण्याला खोली देण्याची मुभा नियमांत नसली, तर स्वागतकक्षासमोर उभ्या असलेल्या कुटुंबाकडे दाखवायला फक्त यूपीआयची पावती उरते. तारीख बदलणेही सदस्याच्या मर्जीवर. थेट बुकिंगमध्ये, रद्द करण्याची सवलत असेल तर, रिकाम्या रात्रीचा भार पुन्हा हॉटेलवर जातो. जादा पैसे त्यासाठीच मोजलेले असतात.

१२/
या इतिहासातील सर्वांत कटू प्रकरण महाराष्ट्रातलेच. मुंबईत मुख्यालय असलेल्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने 'रूम नाइट्स' विकल्या. रात्री वापराव्यात, किंवा न वापरता मुदतीअखेर त्यांचे मूल्य रोख घ्यावे. म्हणजे रिकाम्या रात्रीचा भार कोणावरच नाही! त्यातून रात्रीला मुदत ठेवीचे रूप आले.

१३/
सेबीने जुलै २०१४ मध्ये नवे पैसे घेण्यास मनाई केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही योजना विनापरवाना सामूहिक गुंतवणूक असल्याचे ठरवून परताव्याचा आदेश दिला. रक्कम ७,०३५ कोटी रुपये, गुंतवणूकदार ५० लाखांहून अधिक. २०१७ मध्ये रोखे अपिलीय न्यायाधिकरणातही कंपनीची बाजू टिकली नाही. सुट्टी हवी म्हणून नव्हे, तर चार पैसे वाढतील म्हणून रात्री विकत घेतलेल्या लोकांना आपल्याच बचतीसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले.

१४/
ठाणे-कल्याणच्या कुटुंबासाठी हिशेब आज तुलनेने सोपा आहे. ठाण्यातील टिकुजिनी वाडी हाताशी आहे. २०१३ मध्ये सुरू झालेले खोपोलीजवळचे इमॅजिका एका दिवसात उरकता येते. एक-दोन रात्रींसाठी, तारीख हलण्याची शक्यता असेल तर, थेट बुकिंगच बरे. तारीख पक्की, मुक्काम लांब आणि सदस्य परिचयातील असेल, तर भाड्याचे पॉइंट खरोखर स्वस्त पडतात. मात्र पाहुण्याच्या नावाचे पुष्टिपत्र रिसॉर्टकडून पडताळून मगच उरलेली रक्कम द्यावी.

१५/
सदस्यत्वच घेतले असेल, तर एक बदल माहीत असावा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० मध्ये लागू झाला. तेव्हापासून तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. कंपनीचे कार्यालय चेन्नईला असले, तरी डोंबिवलीकराला ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते. मॉलमधील स्टॉलवर भेटकूपन पुढे करून सही मागितली जाते, तेव्हा दोन प्रश्न विचारावेत : वार्षिक शुल्क किती वाढू शकते, आणि न वापरलेल्या रात्रींचे काय होते? दोन्ही उत्तरे करारात लेखी दिसेपर्यंत सही करू नये.