इंग्लिश खाडीचे जलतरण आणि अर्नाळा–वसईचा समुद्र

इंग्लिश खाडीचे जलतरण म्हणजे इंग्लंड व फ्रान्स यांमधील डोव्हरच्या सामुद्रधुनीतून सुमारे 34 किमी. अंतर कशाचाही आधार न घेता पोहून पार करण्याचा क्रीडाप्रकार होय. मॅथ्यू वेब याने ऑगस्ट 1875 मध्ये हे अंतर 21 तास 45 मिनिटांत प्रथम कापले. भारतीयांपैकी मिहिर सेन 1958 मध्ये, तर आरती साहा 1959 मध्ये पलीकडच्या किनाऱ्याला लागल्या. पुण्याचे रोहन मोरे यांनी 2014 मध्ये ही खाडी पार केली आणि 2018 मध्ये जगातील सात अवघड सागरी मार्गांची मालिका पूर्ण केली. या सातांपैकी इंग्लिश खाडी, स्पेन–मोरोक्कोमधील जिब्राल्टरची सामुद्रधुनी आणि आयर्लंड–स्कॉटलंडमधील उत्तर खाडी असे तीन मार्ग युरोपात असल्यामुळे सागरी जलतरणपटूला युरोपची वाट धरावीच लागते.

या प्रवासाची तयारी कोकण किनाऱ्यावर कशी होते, याचे बोलके उदाहरण वसई तालुक्यातील अर्नाळ्याच्या समुद्रात सापडते. वैतरणेच्या मुखाजवळील बेटावर अर्नाळ्याचा जलदुर्ग, तर दक्षिणेला वसईच्या खाडीच्या तोंडाशी वसईचा किल्ला आहे. स्वमग्नता असलेल्या मुंबईच्या जलतरणपटू जिया राय यांनी या दोन किल्ल्यांमधील 22 किमी. अंतर 7 तास 4 मिनिटांत पोहून पार केले. फेब्रुवारी 2021 मध्ये वांद्रे–वरळी सागरी सेतू ते गेट वे ऑफ इंडिया हे 36 किमी. अंतर त्यांनी 8 तास 40 मिनिटांत, तर मार्च 2022 मध्ये तलाईमन्नार ते धनुष्कोडी हे 29 किमी. अंतर 13 तास 10 मिनिटांत कापले. जुलै 2024 मध्ये इंग्लिश खाडी ओलांडायला त्यांना 17 तास 25 मिनिटे लागली. मुंबईचा टप्पा लांबीने अधिक असूनही खाडीला दुपटीच्या आसपास वेळ लागला, हे आकडे बारकाईने पाहण्यासारखे आहेत, कारण सागरी जलतरणाची कठीणता किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

याचे एक कारण भरती-ओहोटी. डोव्हरच्या सामुद्रधुनीत भरतीचा प्रवाह ईशान्येकडे व ओहोटीचा नैर्ऋत्येकडे, म्हणजे जलतरणपटूच्या वाटेला आडवा वाहतो आणि साधारण सहा तासांनी उलटतो. त्यामुळे त्याचा मार्ग सरळ न राहता नागमोडी होतो आणि फ्रान्सचा किनारा समोर दिसत असतानाही प्रवाह त्याला बाजूला ओढून नेऊ शकतो. म्हणूनच तिथले नाखवे परंपरेने अष्टमीच्या सुमाराची, कमी जोराची भरती निवडत आले आहेत. हिलाच कोकणात भांगाची भरती म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाशी तिचा फरक अर्नाळ्याच्या कोळ्यांना वेगळा सांगावा लागत नाही, आणि पाण्याची ही समज ही या किनाऱ्यावरून नेता येण्यासारखी मोठी शिदोरी आहे.

थंडीची तयारी मात्र इथे होत नाही. मुंबई-वसईचे पाणी बहुधा 25 अंश सेल्सिअसच्या वर असते, तर खाडीत उन्हाळ्यातही ते साधारण 14 ते 18 अंशांच्या दरम्यान राहते. मान्यताप्राप्त प्रयत्नात उबदार रबरी पोशाख चालत नाही. साधा पोहण्याचा पोशाख, एक टोपी व चष्मा एवढ्यावरच भागवावे लागते. सोबतच्या नौकेला स्पर्श झाला तर प्रयत्न बाद होतो, त्यामुळे दोरीला बांधलेली बाटली पाण्यात सोडली जाते आणि जलतरणपटू जागच्या जागी पाय मारत कोमट पेय पिऊन पुढे निघतो. शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत खाली गेल्यास नौकेवरील मंडळी त्याला बाहेर काढतात.

नाखव्याची तारीख दोन-तीन वर्षे आधी ठरवावी लागते आणि हवामान बिघडल्यास ठरल्या दिवशी पाण्यात उतरताच येत नाही. त्यामुळे नौकेच्या भाड्याइतकाच डोव्हरमधील मुक्कामाचा खर्चही कुटुंबांना जड जातो. तरीही मदत देणाऱ्यांनी हा मुक्काम चैन समजून कापणे चुकीचे ठरेल. मान्यतेसाठी 16 अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावे लागते आणि असे पाणी अर्नाळ्यापासून वसईपर्यंत कुठेही मिळत नाही.