मानवी अधिचर्म-वृद्धिघटक, पुनःसंयोजित

पेशींना विभाजनाचा संदेश देणारे, ५३ ॲमिनो अम्लांचे लघुप्रथिन. ‘ईजीएफ’ या आद्याक्षरी नावाने प्रयोगशाळांत रूढ असलेले हे प्रथिन लाळ, मूत्र इत्यादी शरीरद्रवांत असते. तथापि संशोधनासाठी ते मानवी जनुक जीवाणूंत अथवा यीस्टमध्ये घालून तयार करतात.

उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिलांना टोचला असता त्यांचे डोळे नेहमीच्या मुदतीपूर्वीच उघडतात व दातही लवकर येतात, असे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांना आढळले आणि त्या कारणाचा छडा लावीत त्यांनी १९६२ मध्ये हे प्रथिन वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. जठराम्लाचा स्राव रोखणारे म्हणून स्वतंत्रपणे अभ्यासलेले मूत्रातील यूरोगॅस्ट्रोन हे मानवी ईजीएफच होय, हे १९७५ मध्ये उघड झाले. रीता लेव्ही-मोंताल्चीनी यांच्यासह कोहेन यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ईजीएफ पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही-प्रथिनाला बाहेरून चिकटताच दोन ग्राही जोडले जाऊन एकमेकांच्या टायरोसिनांवर फॉस्फेट बसवितात, आणि वरिष्ठांचा हुकूम कचेऱ्यांमागून कचेऱ्या पार करीत जावा तसा हा संदेश रास आदी प्रथिनांच्या द्वारे केंद्रकापर्यंत पोचतो.

ही क्रिया रेणूच्या घडणीवर अवलंबून असल्याने, त्यातील सहा सिस्टीनांमधील तीन डायसल्फाइड बंध अचूक जुळणे हाच निर्मितीतील मुख्य प्रश्न होय. ई. कोलाय जीवाणूच्या पेशीद्रवात असे बंध सहसा जुळत नाहीत. म्हणून साचलेले प्रथिन उलगडून पुन्हा घडवावे लागते, किंवा ते जीवाणूच्या दोन पटलांमधील अवकाशात पाठविण्याची तजवीज करावी लागते. शुद्धीकरणानंतर जीवाणुजन्य अंतर्विषाची तपासणी करतात आणि उंदराच्या ३टी३ पेशींची वाढ मोजून क्रियाशीलतेची खातरजमा करतात. प्रथिन गोठवून निर्जल केलेल्या भुकटीच्या रूपात पुरवितात. विद्रावण पुनःपुन्हा गोठविल्यास त्याचा कस उतरतो.

पेशी वाढविण्याच्या माध्यमात एरवी घातल्या जाणाऱ्या रक्तरसाचे घटक खेपेगणिक बदलत असल्याने निश्चित संघटनाच्या संवर्धन-माध्यमांत ईजीएफ वापरतात. २००९ मध्ये सातो व क्लेव्हर्स यांच्या गटाने आतड्याच्या मूलपेशींपासून लघु-अवयव वाढविले, तेव्हा माध्यमात नॉगिन व आर-स्पाँडिन यांच्या जोडीला ईजीएफ होते. क्यूबामध्ये मधुमेही रुग्णांच्या पायांच्या व्रणांवर पुनःसंयोजित ईजीएफ औषध म्हणून मान्य आहे. परंतु ‘केवळ संशोधनार्थ’ असा शेरा असलेल्या कुपीतील प्रथिन औषधाच्या निकषांनी पारखलेले नसल्याने ते माणसांवर वापरण्याची मुभा नसते.