व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकांतील गुणगुण

मोरोपंत (१७२९-१७९४) बारामतीस राहिले. त्यांची आर्या पुढें कीर्तनकारांच्या मुखानें गांवोगांव पोहोंचली. कीर्तनास टाळ-मृदंगाची साथ असे आणि आधारस्वर असे तो मुद्दाम लावलेला. विसाव्या शतकांत सभामंडपांत विजेचा ध्वनिवर्धक आला, व त्याबरोबर कोणींही न लावलेला एक स्वर आला. वक्ता गप्प असतांही कर्ण्यांतून ‘घूं’ अशी गुणगुण चालूच राही. या स्वराचा इतिहास ध्यानांत आला म्हणजे त्याचा उगम शोधणें सोपें होतें.

आरंभींच्या व्हॉल्व्हना ही गुणगुण ठाऊक नव्हती. फ्लेमिंगनें १९०४ मध्यें पहिला व्हॉल्व्ह केला व थोड्याच वर्षांत डी फॉरेस्टनें त्यांत जाळी घातली. हे व्हॉल्व्ह बॅटरीवर चालत, आणि बॅटरीचा प्रवाह संथ व एकाच दिशेचा असतो. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. त्याच वर्षीं अमेरिकेंत घरगुती विजेवर चालणारे नवे व्हॉल्व्ह बाजारांत आले. घरगुती वीज मात्र क्षणोक्षणीं दिशा बदलते. भारतांत तिचीं आवर्तनें सेकंदास ५० असतात. रेक्टिफायर ती एका दिशेस वळवितो, तरी तिच्यांत सेकंदास १०० हेलकावे उरतात. ते शमविण्याचें काम चोक व कंडेन्सर करतात.

बारामती व इंदापूर तालुक्यांत नीरेच्या डाव्या कालव्यावर ऊंस पिकूं लागला, वालचंदनगरास साखर कारखाना उभा राहिला, १९५३ मध्यें पुण्याचें नभोवाणी केंद्रही सुरू झालें. परंतु जेथें विजेची तार पोहोंचली नव्हती तेथें रेडिओ बॅटरीवरच चाले, आणि त्यांत ही गुणगुण नसे. राज्याचें विद्युत् मंडळ १९६० मध्यें स्थापन झालें व त्यापुढील वर्षांत तारा खेड्यांकडे वळल्या. गुणगुण आली ती या तारेच्या वाटेनें. म्हणून ती ऐकूं येतांच ‘व्हॉल्व्ह म्हातारे झाले’ असा निकाल देऊन जुनें यंत्र भंगारांत घालणें हा बहुधा अन्याय ठरतो.

दोष शोधण्याचा क्रम साधा आहे. प्रथम आवाजाचें बटण पूर्ण उतरवावें. गुणगुण थांबली तर दोष बटणाच्या अलीकडचा, म्हणजे मायक्रोफोनची तार, तिचें आवरण किंवा पहिला व्हॉल्व्ह यांतील. एकाच यंत्रमालेस दोन ठिकाणीं जमिनीची जोड दिली असली तरीही असें होतें. गुणगुण कायम राहिली तर दोष बटणापलीकडचा, आणि बहुधा वीजपुरवठ्याच्या बाजूचा.

मग स्वर ओळखावा, व येथें पेटी उपयोगी पडते. १०० आवर्तनांचा स्वर खालच्या सप्तकांतील पांढरी पाचच्या किंचित् वर लागतो. ५० चा त्याच्याही एक सप्तक खालीं. वरचा स्वर असेल तर संशय कंडेन्सरवर घ्यावा, कारण त्यांतील ओला द्रव वर्षानुवर्षें सुकत जातो व हेलकावे शमत नाहींत. खालचा असेल तर व्हॉल्व्हच्या तापणाऱ्या तारेंतून झिरपणारी वीज, अथवा जाळीच्या तारेजवळून गेलेली दुसरी तार तपासावी. व्हॉल्व्ह बदलावयाचा तो या परीक्षेनंतर.

एक गोष्ट मात्र जिवाशीं गाठ घालणारी आहे. कळ बंद करून प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्यें ३०० व्होल्टांहून अधिक दाब साठून राहूं शकतो. योग्य रोधकांतून तो उतरवून व मापून खात्री झाल्यावांचून आंत हात घालूं नये. ही विद्या ज्यास अवगत नाहीं त्यानें तें काम जाणत्याच्या हातीं द्यावें.

अनेकदां कंडेन्सर बदलतांच यंत्र शांत होतें, आणि जे व्हॉल्व्ह टाकून द्यावयाचे ठरलें होतें तेच पूर्वीसारखे गाऊं लागतात.