रॉक मशीन ते इंडस क्रीड : मुंबईतील एका रॉक बँडच्या वाटचालीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना
गोंदिया जिल्ह्यात 'बँड' म्हटले की लग्नाच्या वरातीतील वाजंत्री डोळ्यांपुढे येतात. स्वतःची गीते रचून ती गिटार व ड्रमच्या साथीने गाणारा गट हा या शब्दाचा दुसरा अर्थ महानगरात रुजला. 'रॉक मशीन' हे त्याचे ठळक उदाहरण होय. एखादा कलासंच का मोडतो आणि मोडल्यावर त्यातील कलावंत कोठे जातो, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात या बँडच्या आधारे केला आहे.

स्थापना व नामांतर
रॉक मशीनची स्थापना १९८४ मध्ये मुंबईत झाली. महेश तिनईकर हे गिटारवादक आणि पुढे गायक म्हणून आलेले उदय बेनेगल ही त्यातील प्रमुख नावे होत. आरंभी हा संच परदेशी बँडची गाणी वाजवीत असे. श्रोत्यांची मागणीही तीच होती. तथापि १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनिगेड' आणि १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' हे स्वरचित इंग्रजी गीतांचे संग्रह प्रसिद्ध झाले. धोबी तलावाजवळील रंगभवन हे खुले नाट्यगृह त्या काळी मुंबईतील रॉक श्रोत्यांचे हक्काचे ठिकाण होते.

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या व बँडची चित्रफीत घरोघरी पोहोचली. १९९३ मध्ये संचाने 'इंडस क्रीड' हे नाव स्वीकारले. सिंधू नदीचे स्मरण देणारे हे नाव स्वतःची ओळख शोधण्याच्या प्रयत्नाचे द्योतक मानता येईल. १९९५ मध्ये याच नावाचा संग्रह निघाला. मात्र त्याच सुमारास हिंदी पॉप गीतांना मोठी बाजारपेठ मिळाली आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांचे लक्ष तिकडे वळले. १९९७ मध्ये बँड विसर्जित झाला. बेनेगल व गिटारवादक जयेश गांधी यांनी न्यूयॉर्क गाठून 'आम्स फॉर शांती' हा नवा संच उभारला.

जपानशी तुलना
जपानमध्येही रॉक इंग्रजीत गावे की जपानीत, असा वाद १९७० च्या सुमारास रंगला होता. 'हॅप्पी एंड' या बँडने १९७१ च्या 'काझेमाची रोमान' या संग्रहातून मातृभाषेची बाजू समर्थपणे मांडली. फुकुओका शहरात १९९५ मध्ये स्थापन झालेला 'नंबर गर्ल' हा बँडही जपानीतच गात असे. तो २००२ मध्ये विसर्जित झाला. परंतु त्याचे प्रमुख मुकाई शुतोकु यांनी लगेच मायदेशीच 'झाझेन बॉईज' हा संच उभा केला. म्हणजे मातृभाषेमुळे संच अभंग राहतो असे नव्हे. मात्र तो मोडल्यावरही कलावंताला आपला श्रोता जवळच सापडतो.

झाडीपट्टीचा दाखला
याचा पडताळा घेण्यासाठी दूर जावयास नको. गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडई व शंकरपटाच्या निमित्ताने झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. वडसा हे या व्यवसायाचे केंद्र आहे. येथेही मंडळे फुटतात, नावे बदलतात. परंतु एका मंडळातून बाहेर पडलेला नट दुसऱ्या मंडळात उभा राहतो. कारण तिकीट काढून येणारा प्रेक्षक गावोगावी आहे आणि त्याची भाषा रंगमंचावर बोलली जाते.

निष्कर्ष
इंडस क्रीड २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला व २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह त्याने प्रसिद्ध केला. दरम्यान रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे संगीत कार्यक्रमांना बंद झाले होते. यावरून असे दिसते की, या बँडजवळ प्रतिभेची उणीव नव्हती. उणीव होती ती स्थिर रंगमंचाची, त्याला टिकवून धरणाऱ्या बाजारपेठेची आणि महानगराबाहेरील श्रोत्याशी जोडणाऱ्या भाषेची. म्हणून कलासंचाचे यश केवळ त्याच्या आयुर्मानावरून न मोजता, तो मोडल्यानंतर कलावंताला आपल्याच मातीत पुन्हा उभे राहता येते काय, या कसोटीवर तपासणे अधिक योग्य ठरेल.