नेम आणि पाळी

खानदेशातून पांडेसऱ्यात स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांना ध्यान परके नाही. ‘नेम’ हा त्याचा घरातला शब्द. समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीस बारा वर्षे नदीत उभे राहून नित्य जप केला, असे परंपरा सांगते. त्याच जिल्ह्यात इगतपुरीस सत्यनारायण गोयंका यांच्या विपश्यना केंद्रात १९७६ मध्ये शिबिरे सुरू झाली. दहा दिवसांच्या शिबिरानंतर घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बैठक आणि आठवड्यातून एकदा सामूहिक साधना, असा तेथील दंडक. उत्साह ओसरल्यावर ठरलेली वेळ आणि सोबत साधकाला सावरतात, हे त्यामागचे मर्म होय. पांडेसऱ्याच्या गिरण्यांत मात्र पाळी बदलली की पहाटेचा नेम मोडतो. म्हणून पाळीवरून परतल्यावरच्या स्नानाला तो जोडावा. आरंभी दहा मिनिटे पुरेत. एखादा दिवस चुकल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे.