माग टाकायला परवानगी लागायची तेव्हा

आज आधी आमच्या घरचा एक फजितीचा किस्सा सांगते, आणि मग तिथून थेट दीडशे-दोनशे वर्षं मागे जाऊ.

आम्ही नाशिकला द्वारकेजवळ राहतो. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता जिथं भेटतात तो चौक, वर उड्डाणपूल, खाली दिवसभर हॉर्न. (रेकॉर्डिंगमध्ये येतोय आवाज, इलाज नाही.) मागच्या वर्षी आईनं शिलाई मशीनवर पैठणीच्या काठापदराच्या पर्स शिवायला सुरुवात केली. कापड येवल्याहून आणलं, फोटो मी काढले, इन्स्टावर पेज उघडलं आणि दिवाळीआधी एका प्रदर्शनात टेबल घेतलं. पहिल्याच दुपारी एक काकू आल्या. "हातमागाची आहे ना गं?" मी छातीठोक म्हटलं, "हो काकू, येवल्याची आहे!" त्यांनी टेबलावर शोभेला अंथरलेला पदराचा तुकडा उचलला आणि उलटा केला. मागच्या बाजूला मोराभोवती कापलेल्या धाग्यांची झालरच होती. "येवल्याची असेल बाळा, पण हातमागाची नाही."

दुकानदारानं सांगितलं आणि आम्ही मानलं. संध्याकाळी पाटीवरचा 'हातमाग' हा शब्द खोडला. तोवर ज्यांना विकल्या होत्या त्यांना फोन केले, तिघींनी पैसे परत मागितले, दिले. आई दोन दिवस मशीनवर बसली नाही.

त्या दोन दिवसांत मी येवल्याबद्दल वाचत बसले. आणि एक गोष्ट अशी सापडली की ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

पैठणी नावाप्रमाणे पैठणची. गोदावरीकाठचं, सातवाहनांच्या राजधानीचं गाव. मग आपल्या नाशिक जिल्ह्यात ती कशी आली? येवल्याचे पाटील रघोजी, गावात ज्यांना रघुजीबाबा म्हणतात, त्यांनी कारागीर आणून वसवले. 1883 च्या नाशिक गॅझेटिअरमध्ये श्यामदास वालजी या गुजराती वाण्याचं नाव येतं. रघोजींनी त्याला गावात आणलं, पण रिकाम्या हातानं कोण येणार? त्याला मक्तेदारीचं वचन मिळालं. रेशमाचा धंदा त्याच्या लोकांचाच. नव्या माणसाला येवल्यात रेशमी माग टाकायचा तर मनात आलं म्हणून टाकता येत नव्हता.

आणि हे किती दिवस चाललं? 1864 पर्यंत! पेशवाई गेली, इंग्रज आले, सत्तावनचा उठाव होऊन गेला (त्यातले तात्या टोपे येवल्याचेच बरं का), तरी हा बंदोबस्त टिकून होता. शेवटी कोर्टाच्या निकालानं तो मोडला आणि साळी, कोष्टी, खत्री अशा कितीतरी घरांत रेशमाचे माग आले.

मला आधी वाटलं, झालं, इथं गोष्ट संपली, दार उघडलं. पण नीट बघितलं तर तसं नाही. पैठणी विणायला साध्या पदराची असली तरी काही आठवडे जातात, भरगच्च असेल तर कित्येक महिने. पदरावरचा मोर, मुनिया, आसावलीची वेल, हे सगळं छोट्या छोट्या तिल्ल्यांवर वेगवेगळ्या रंगाचा धागा घेऊन, एकेक धागा मोजत भरायचं. एवढा काळ रेशीम आणि जर यांत पैसा अडकून पडतो. घरात रोज चूल तर पेटली पाहिजे! मग कच्चा माल व्यापाऱ्यानं द्यायचा, विणकरानं मजुरी घ्यायची आणि साडी व्यापाऱ्याकडे जायची, ही रीत पडली. आजही बऱ्याच घरांत तीच आहे. कोर्टानं माग टाकायची मोकळीक दिली, पण साडी विकली जाईपर्यंत थांबायची ऐपत कुठलं कोर्ट देणार?

आमचं बघा ना. पर्स दोन तासांत होते, कापड थोडं लागतं, म्हणून आम्ही सुरू करू शकलो. आई पैठणी विणायला बसली असती तर दिवाळीला टेबलावर काहीच नसतं.

आता त्या उलट्या बाजूबद्दल, कारण हे तुम्हाला खरेदी करताना लागेल. हातमागाच्या पैठणीत पदरावरच्या नक्षीत दोन रंगांचे धागे जिथं भेटतात तिथं एकमेकांत अडकवून परत फिरवतात. त्यामुळे नक्षी मागूनही जवळपास पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागाच्या साडीत धागा मागून लोंबत जातो आणि नंतर कापतात. 2010 मध्ये येवला-पैठणच्या पैठणीला जीआय मिळाला, म्हणजे नावाला कायद्याचं संरक्षण आलं. पण प्रदर्शनाच्या टेबलावर कायदा येऊन उभा राहत नाही, तिथं काकूच लागतात.

आणि खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. हातानं महिनोन्‌महिने विणलेल्या साडीचा पदर कोण कापून किलोवर विकेल? चिंध्या एवढ्या स्वस्त मिळत होत्या, तिथंच उत्तर होतं.

आई परत बसलीय मशीनवर. आता दोन पाट्या आहेत. एकीवर सरळ 'यंत्रमाग', भाव कमी. दुसऱ्या पाटीखाली विकायला काहीच नाही, तिथं ऑर्डर घेतो: घरातली जुनी, विरलेली पैठणी तुम्ही आणायची, पर्स आम्ही शिवून द्यायची. पहिली साडी आमच्या शेजारच्या आजींची आली. काठ धड आहेत, मधलं रेशीम घडीवर पार फाटलंय. आई तीन दिवस ती नुसती उलगडून बघतेय, कात्री काही लावत नाही.

लावली की सांगते. तोवर तुमच्या कपाटातला एखादा पदर उलटा करून बघा आणि काय दिसलं ते मला कळवा.